गाळलेल्या जागा

दिवाळीला पंढरपूरला पोचलो तेव्हा घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. काकांनी ओसरी आणि माजघर, दोन्हीकडची फरशी एकदमच उखडायला काढली होती. नवीन टाइल्स येणार होत्या, पांढऱ्या आणि चकचकीत. जुन्या शहाबादी फरश्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि गवंडी विचारत होता, "ह्या ठेवायच्या का टाकायच्या?"

मी आपलं उगीच विचारलं, या आल्या कुठून? पुण्याहून आलेल्या माणसाकडे बघतात तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "शहाबादवरनं. नावातच हाय की."

खरंच की! ज्या फरशीवर मी रांगलो, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी पोट टेकून 'किशोर' वाचला, तिच्या नावात गाव आहे हे इतकी वर्षं डोक्यात आलंच नव्हतं. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवर कलबुर्गी (आपलं गुलबर्गा) मागे पडलं की थोड्याच वेळात शहाबाद येतं. दुतर्फा दगडाच्या खाणी. तो दगड म्हणजे चुनखडक. आणि भूगर्भशास्त्रज्ञ ज्या खडकांच्या कुटुंबात त्याला बसवतात त्याचं नाव आहे 'भीमा गट'. भीमा! म्हणजे आमच्या घरापासून दहा मिनिटांवर चंद्रभागा म्हणून जिला नमस्कार करतात, तीच.

बरं, असा चुनखडक बहुतेक वेळा समुद्रात तयार होतो. कलबुर्गीला समुद्र? हा प्रश्न डोक्यात घेऊन पुण्याला परतलो आणि त्यापायी 'सीक्वेन्स स्ट्रॅटिग्राफी' नावाच्या विषयात पडलो. गेले पाच-सहा वीकएंड त्यातच गेले. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसानं दगडांवर लिहिणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे, पण विषय इतका आवडला की राहवत नाही. तर मंडळी, चहा घेऊन बसा.

चार ओळींचा इतिहास

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ साली सुरू झालं. १८५८ मध्ये तिथे रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा तरुण इंग्रज रुजू झाला. पुढे १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्याला अश्मयुगीन दगडी हत्यार सापडलं, त्यामुळे पुरातत्त्ववाले त्याला चांगलं ओळखतात. पण १८७६ मध्ये त्यानं दक्षिण मराठा मुलूख आणि आसपासच्या भूगर्भावर एक जाडजूड अहवाल छापला. कलादगीचे खडक आणि भीमेकाठचे खडक यांचं सविस्तर वर्णन त्यात आहे. आपल्या फरशीची ही जुनी कुंडली.

भीमेच्या खोऱ्यात तळापासून वर येत गेलं तर साधारण असं दिसतं. सगळ्यांत खाली ग्रॅनाइट आणि तसले जुने खडक, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचे. त्यावर भीमा गटाचे थर. बहुतेक अभ्यासक त्यांना १०० कोटी ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात ठेवतात. त्यावर आपला काळा पत्थर, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पंढरपूर या काळ्या दगडावर बसलंय. आणि सगळ्यांत वर नदीचा गाळ, ज्याचं वय हजारो वर्षांत मोजायचं.

आता जरा वजाबाकी करू. ग्रॅनाइट आणि चुनखडक यांच्यामध्ये किमान १५० कोटी वर्षं गायब. चुनखडक आणि बेसॉल्ट यांच्यामध्ये किमान ४७ कोटी. बेसॉल्ट आणि गाळ यांच्यामध्ये सहा कोटींहून जास्त. म्हणजे २५० कोटींपैकी २०० कोटींच्या वर वर्षांचा इथे एकही थर नाही. अठ्ठावीस युगांचा हिशोब तोंडपाठ असलेल्या गावात कोटी-कोटींचं अप्रूप वाटायचं कारण नाही, पण मी मात्र हादरलो. एखाद्या सर्व्हरची लॉग फाईल उघडावी आणि दहातल्या आठ दिवसांच्या नोंदीच नसाव्यात, तसं.

शाळेत पेपरात पहिलाच प्रश्न असायचा, गाळलेल्या जागा भरा. भीमेच्या खोऱ्याचा इतिहास म्हणजे गाळ कमी आणि गाळलेल्या जागाच जास्त :-)

मराठीत अशा गाळलेल्या जागेला 'विसंगती' म्हणतात. थर साठणं थांबलं, किंवा साठलेलं झिजून गेलं, आणि मग बऱ्याच काळानं वर नवीन काहीतरी साठलं, की दोन्हींमध्ये जी रेघ उरते ती विसंगती. सीक्वेन्स स्ट्रॅटिग्राफीची सगळी गंमत या रेघेत आहे.

काकांनी केलेली दुरुस्ती

दिवाळीतच एका संध्याकाळी काकांबरोबर नदीकडे गेलो. गावापासून थोडं दूर, जिथे नदीनं काठ उभा कापलाय तिथे. मातीच्या कड्यात थर सरळ दिसत होते. खाली जाड वाळू, वर काळी चिकणमाती, परत वाळू, परत माती. मी लगेच हुशारी केली. "काका, हे म्हणजे वर्षांसारखं आहे. एक थर एक वर्ष. हा जाड थर दिसतोय ना, याला पुष्कळ वर्षं लागली असणार."

काका हसले. ते याच काठावर वाढलेत. म्हणाले, "अरे, तो जाडा थर एका पुराचा आहे. एका रात्रीत येतो तेवढा. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्यात गुडघ्यापर्यंत रुतायचो. वेळ लागतो तो या मधल्या रेघेला. पूर गेला, माती वाळली, गवत उगवलं, गुरं चरली, कुणी चूल मांडली. पुढचा मोठा पूर येईपर्यंत दहा वर्षं गेली का वीस, ते या रेघेत आहे."

काकांनी भूगर्भशास्त्र शिकलेलं नाही. पण मी वीकएंडला पुस्तकं चाळून जे शिकलो त्याचा अर्धा भाग त्यांनी तिथे उभ्या उभ्या सांगून टाकला. जाडी म्हणजे वेळ नव्हे. बऱ्याचदा वेळ रेघेत असतो.

हे समजायला माणसाला बराच काळ लागला. १६६९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश माणसानं पहिला साधा नियम मांडला. थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा जुना, वरचा नवा. १७८८ मध्ये जेम्स हटन दोन मित्रांना घेऊन होडीनं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंटला गेला. तिथे जवळजवळ उभे झालेले जुने थर आणि त्यांच्यावर जवळजवळ आडवे पसरलेले लाल वाळूचे थर त्यानं दाखवले. खालचे साठले, उचलले गेले, झिजले, मग वरचे आले. मधल्या त्या रेघेला किती वेळ लागला असेल, या विचारानं बरोबरच्यांचे डोळे फिरले.

पुढचा नियम १८९४ मध्ये योहानेस वाल्थर या जर्मन शास्त्रज्ञानं मांडला. तो चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून पटकन समजतो. आत्ता या क्षणी पात्रात वाळू साठतेय, काठावर बारीक रेती, आणि पुराचं पाणी पसरतं त्या शेतात चिकणमाती. तिन्ही शेजारी शेजारी आहेत. आता नदी हळूहळू एका बाजूला सरकली तर? जिथे पात्र होतं तिथे काठ येईल, मग शेत येईल. म्हणजे वाळूवर रेती, रेतीवर माती. जे आज शेजारी शेजारी असतं ते उद्या एकावर एक रचलेलं सापडतं. मध्ये विसंगती मात्र नको. ती आली की हा नियम तिथेच संपतो.

उजनीतला समुद्र

आता समुद्राकडे येऊ. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र समजावून सांगायचा तर उजनी धरणासारखी सोय नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेलं हे धरण भीमेवर आहे, पंढरपूरच्या वरच्या अंगाला. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की लोक म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेलं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये "किती मायनस?" हा प्रश्न क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारतात.

नदी वाहत येते आणि जलाशयाच्या संथ पाण्यात शिरते तिथे तिचा जोर संपतो. जड वाळू लगेच खाली बसते, बारीक गाळ आत लांबवर जाऊन बसतो. यात खेळाडू तीनच. पाण्याची पातळी, येणारा गाळ, आणि गाळ साठायला असलेली जागा. या तिसऱ्यासाठी इंग्रजी पुस्तकांत भारदस्त शब्द आहे, पण आपला 'जागा' पुरेसा आहे.

पावसाळ्यात पातळी चढते. संथ पाण्याचं टोक भिगवणच्या दिशेनं वर सरकतं, म्हणजे वाळू टाकायची जागाही वर सरकते. काल जिथे वाळू बसत होती तिथे आज पाणी खोल झालं आणि बारीक गाळ बसतोय. खाली वाळू, वर माती. याला म्हणायचं पाणी आत येतानाचा गट.

मग धरण भरतं. पातळी स्थिर. गाळ मात्र येतच राहतो, जागा भरत जाते आणि काठ पाण्यात पुढे पुढे सरकतो. हा भरलेल्या पाण्याचा गट.

मग उन्हाळा. पातळी उतरते आणि नदी स्वतःच टाकलेल्या गाळात चर कापत खाली जाते. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, बुडालेले रस्ते दिसतात, शेतकरी गाळपेर करतात. उघड्या पडलेल्या त्या गाळावर आता काही साठत नाही, उलट कापलं जातं. ही झाली रेघ, विसंगती. पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर नवा गाळ बसणार.

एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंत जे साठलं तो एक 'सीक्वेन्स'. धरणात खोलवर, जिथे पाणी कधीच आटत नाही, तिथे ती रेघ कापलेली दिसत नाही. तिथे थर सलग असतात, पण त्याच वेळेची खूण लावून सीमा तिथपर्यंत ओढता येते.

यातला मला सगळ्यांत आवडलेला मुद्दा असा. काठ पाण्याच्या दिशेनं पुढे सरकलेला दिसला म्हणजे पाणी उतरलंच असं नाही. पाणी तेवढंच राहून गाळ जास्त आला तरी काठ पुढे सरकतो. नुसता काठ बघून निर्णय द्यायचा नाही, कापल्याची खूण आहे का ते बघायचं. आमच्या कामात म्हणतात तसं, लक्षण एक, बग दोन.

गुरू, शिष्य आणि एक आलेख

हे सगळं एका चौकटीत बसवलं ते विसाव्या शतकात. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात लॉरेन्स स्लॉस नावाचे प्राध्यापक होते. १९६३ मध्ये त्यांनी दाखवलं की उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागातले थर मोठ्या विसंगतींनी सहा गठ्ठ्यांत विभागले गेलेत. तोवर थरांना दगडाच्या जातीनुसार नावं देत. स्लॉस म्हणाले, गठ्ठे रेघांवर पाडा. जे सापडतं त्याच्याइतकंच जे सापडत नाही तेही महत्त्वाचं.

पीटर वेल हा स्लॉस यांचा विद्यार्थी. तो गेला तेलकंपनीत, जी पुढे एक्सॉन झाली. तेलकंपन्या जमिनीत आणि समुद्रतळाखाली धक्क्याच्या लहरी सोडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीतून खालच्या थरांचं चित्र काढतात. सगळ्यांची समजूत अशी की चित्रातली रेघ म्हणजे एका जातीचा दगड संपून दुसरा सुरू होण्याची सीमा. वेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, नाही, या रेघा बहुतेक वेळा जुने पृष्ठभाग आहेत, एकाच वेळचे. चंद्रभागेला पूर येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी पात्रात वाळू असते आणि शेतात माती, पण दिवस एकच असतो. रेघ तो दिवस दाखवते, वाळू किंवा माती नाही.

१९७७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या संघटनेनं छापलेल्या २६ क्रमांकाच्या ग्रंथात हे सगळं आलं आणि खळबळ उडाली. त्याचबरोबर वेलच्या गटानं एक धाडसी दावा केला. थर उताराला कुठवर टेकलेत ते जगभर मोजून त्यांनी समुद्राच्या पातळीचा जागतिक आलेख काढला. १९८७ मध्ये बिलाल हक, यान हार्डेनबोल आणि वेल यांनी 'सायन्स'मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती छापली, जवळपास २५ कोटी वर्षांची. जगात कुठेही खोदा, रेघा या आलेखाशी जुळवा, वय कळेल.

किती सोपं! आणि इथेच घोळ झाला.

पहिली अडचण अशी की आलेखामागची बरीचशी मूळ माहिती कंपनीच्या कपाटात होती. निकाल सगळ्यांना दिसतो, डेटा दिसत नाही. दुसरी अडचण खुद्द स्लॉस यांनी मांडली. रेघ उमटते ती समुद्र उतरल्यामुळेच कशावरून, जमीन उचलली गेली असेल तर? शिष्याच्या जगप्रसिद्ध आलेखाला गुरूनं जाहीरपणे हरकत घेतली.

तिसरी माझ्या लाडाची. १९९२ मध्ये कॅनडाच्या अँड्र्यू मिआल यांनी एक प्रयोग केला. त्यांनी यादृच्छिक संख्या वापरून चार खोटे स्तंभ बनवले, ज्यांत रेघा कुठेही, वाटेल तशा टाकल्या होत्या. मग ते स्तंभ एक्सॉनच्या आलेखाशी जुळवून पाहिले. किमान ७७ टक्के रेघा जुळल्या! म्हणजे आलेखात घटना इतक्या दाट, आणि वयं मोजण्यातली चूक इतकी मोठी, की कचरा टाकला तरी जुळतो. आमच्याकडे एखादी टेस्ट चुकीच्या इनपुटलाही पास होत असेल तर ती टेस्ट फेकून देतात.

गंमत अशी की आलेखाची अब्रू गेली, पण पद्धत टिकली. समुद्र उतरला का जमीन उचलली हे बाजूला ठेवून फक्त 'जागा वाढली का कमी झाली' एवढंच बघायचं, असं शास्त्र हळूहळू सावरलं. गटांची नावं कोणती आणि सीमा कुठे, यावर नंतरही भांडणं झालीच. शेवटी २००९ मध्ये वेगवेगळ्या पंथांच्या बऱ्याच अभ्यासकांनी एकत्र येऊन निदान समान शब्द तरी ठरवले.

आपल्याकडे याचा संबंध थेट पेट्रोलशी आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'वरून खोदताना मुंबई हायचं तेल लागलं. ते ज्या चुनखडकात आहे त्यात चुनखडकाचे थर आणि मध्ये मध्ये शेलचे पातळ पडदे आहेत. एका विहिरीतला कुठला थर दुसऱ्या विहिरीतल्या कुठल्या थराशी खरोखर जोडलेला आहे, हे चुकलं तर कोट्यवधी रुपये पाण्यात, शब्दशः.

परत फरशीकडे

एवढं शिकल्यावर भीमा गट पुन्हा उघडला. ग्रॅनाइटच्या झिजलेल्या पृष्ठभागावर आधी गोटे आणि वाळू, मग शेल, मग चुनखडक. उजनीत पाणी चढताना जे घडतं तेच, फक्त कोट्यवधी वर्षांपूर्वी. कलबुर्गीवर समुद्र चढत आला, किनारा आत सरकला, नद्यांचा गाळ पोचेनासा झाला आणि त्या निवळ उथळ पाण्यात चुना साठला. शंख-शिंपले अजून जन्मायचे होते. त्या समुद्राचा तळ म्हणजे आमचं माजघर.

त्याच्यावर मग काय झालं? ४७ कोटी वर्षं. इथे मला मोह झाला, भरून टाकावी जागा. पण मिआल यांचा प्रयोग वाचल्यावर हात आखडतो. रिकाम्या जागेत आपल्या हातातला आलेख नेहमीच बसतो.

आणि एक गोष्ट राहून राहून टोचते. त्या संध्याकाळी काकांनी कड्याच्या पलीकडे पात्रातले खड्डे दाखवले. वाळूउपशाचे. भीमेतल्या या उपशाबद्दल वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येतंय, दंड होतात, उपसा होतच राहतो, आणि अशा खड्ड्यांचा अंदाज न येऊन माणसं बुडतात. वरून येणारी वाळू धरण अडवतं, खालची आपण ट्रकनं नेतो. साठायला जागा आहे, गाळ नाही. वाळवंट उतरलं, की पुढे कधीतरी त्यावर दुसरं काही साठेल आणि मध्ये एक रेघ राहील. ती वाचणाऱ्याला वाटेल, इथे नदीनं काहीतरी कापून नेलं. काकांनी लहानपणी ज्या वाळूवर हुतुतू खेळला ती त्याला सापडणार नाही. "आमच्या वेळी वाळू इथवर होती," असं म्हणून त्यांनी हात वर धरला. खांद्याच्याही वर.

गवंड्याला मी सांगितलं, टाकू नका. काकू म्हणाल्या, कुठे ठेवणार आहेस एवढ्या? ते खरंच. शेवटी बऱ्याचशा शेजारच्या गोठ्यात गेल्या आणि चार फरश्या मी गाडीच्या डिकीत घालून पुण्याला आणल्या. सध्या बाल्कनीत कुंड्यांखाली आहेत. त्यांतली एक माजघराच्या उंबऱ्यापाशी होती, पायांनी मधोमध झिजलेली. बायको म्हणाली, हीच का आणलीस, चांगली तरी आणायचीस.

ती झीज चार पिढ्यांची आहे, पण कुठल्या पिढीनं किती झिजवलं ते काही तिच्यावरून सांगता यायचं नाही.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.